वाईस सिटी की सॅन अँड्रियास? भाच्याला काय सांगू?

तापीकाठचा_पप्पू
मंडळी, धाग्याचं कारण घरगुती आहे. भाचा १९ वर्षांचा, पुण्याला इंजिनिअरिंगला. सुट्टीत चोपड्याला आलाय. बाहेर ४४ अंश, त्यामुळे पोरगं कूलरसमोरून हलत नाही. नोव्हेंबरात जीटीए ६ येणार (जीटीए म्हणजे गुंड होऊन शहरभर गाड्या पळवायच्या कॉम्प्युटर गेमची मालिका, वाईस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तिच्यातलेच जुने गेम), ती परत वाईस सिटीत घडणार, म्हणून काल मला विचारतो, "मामा, ती जुनी वाईस सिटी खरंच भारी होती का तुम्ही लोक उगाच हळवे होता?" म्हटलं, जुन्या लॅपटॉपवर आधी ती खेळ, मग सॅन अँड्रियास खेळ. तर म्हणे दोन्हींना वेळ नाही, एकच सांगा.

इथं मी अडकलो. नुसती यादी केली तर प्रश्नच नाही. वाईस सिटी २००२ ची, सॅन अँड्रियास २००४ ची. दोनच वर्षांत त्यांनी एका शहराची तीन शहरं केली, मधे डोंगर, वाळवंट, शेतं घातली. सॅन अँड्रियासच्या नायकाला, सीजेला, पोहता येतं, भिंतीवरून उडी मारता येते, सायकल येते, पॅराशूट येतं. वाईस सिटीच्या टॉमीला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. तरी मी वाईस सिटी पाच वेळा संपवली आणि सॅन अँड्रियास एकदाच, तीही शेवटी शेवटी सासरवाडीच्या लग्नाला बसल्यासारखी. असं का झालं ते मला त्याला सांगता येईना. तुमचं काय मत?

शेवभाजी_डबल_तर्री
वाईस सिटी. धागा बंद करा.

भुसावळ_यार्ड
बंद कसा? सॅन अँड्रियासमध्ये रेल्वे आहे. चालवता येणारी रेल्वे. वाईस सिटीत एक रूळ दाखवा, मी आयडी बदलतो.

माझे वडील लोको पायलट होते. कॉम्प्युटरकडे कधी ढुंकून बघायचे नाहीत. एकदा मी इंजिनात बसलो आणि वळणावर जास्त वेग दिला तर गाडी रुळावरून उडाली. मागून आवाज आला, "वेग कमी कर ना रे, वळण दिसत नाही का?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसायचे. सिग्नल का नाही, गार्डचा डबा कुठे, समोरून गाडी आली तर काय, सगळी चौकशी. ते ट्रेनच्या मागे बाईक पळवायचं मिशन, ज्याच्यावर अख्ख्या जगाने डोकं फोडून घेतलं, ते मला वडिलांनी काढून दिलं. "गाडीला चिकटून कशाला चालतो? मागच्याला वरचा माणूस दिसला पाहिजे. लांबून चल." लांबून चाललो, पहिल्याच झटक्यात झालं.

शेवभाजी_डबल_तर्री
यार्डभाऊ, हे वाचून मत बदलणार नाही, पण काकांना नमस्कार सांगा.

खडूस_गुरुजी
तुलनेतच घोळ आहे. सॅन अँड्रियास हा वाईस सिटीचा पुढचा भाग नाहीच. वाईस सिटी १९८६ मध्ये घडते, सॅन अँड्रियास १९९२ मध्ये आणि या दोघींच्या आधी, २००१ साली आलेली जीटीए ३ घडते २००१ मध्येच. म्हणजे कथेच्या हिशोबाने दोन्ही तिच्या आधीच्या गोष्टी. नायक वेगळा, शहर वेगळं. धागा जोडणाऱ्या मोजक्या पात्रांत एक घाबरट वकील, रोझेनबर्ग, जो वाईस सिटीत टॉमीला काम देतो आणि सॅन अँड्रियासच्या कॅसिनोत परत भेटतो. तुलना करायचीच तर चुलत बहिणींची करा.

मेहरूणची_बोरं
गुरुजी आले, वह्या काढा.

खडूस_गुरुजी
वह्या काढल्या असत्या तर ही वेळ आली नसती.

केळीवाला_रावेर
मी सॅन अँड्रियासवाला. कारण एकच, शिवार.

आम्ही पोरं केळीच्या बागेत वाढलो. तोपर्यंत जेवढे गेम बघितले त्यात एकतर शहर, एकतर युद्ध. सॅन अँड्रियासमध्ये पहिलं शहर सोडायला लावतात आणि अचानक कच्चे रस्ते, गोठे, कापणीला आलेलं पीक, उभा ट्रॅक्टर. मी मिशन सोडून अर्धा तास ट्रॅक्टरच चालवला. मागे दुसरी गाडी अडकवून ओढता येते हे कळल्यावर तर विचारू नका. मग ते हार्वेस्टर चोरायचं मिशन. आमच्या इकडे गव्हाला पंजाबचे हार्वेस्टर यायचे, त्यांच्यामागे आम्ही पळायचो. आता आपण चालवतोय आणि शेतकरी आपल्यामागे गोळ्या झाडत पळतोय. माझ्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "बरोबर करतोय तो. दुसऱ्याच्या वावरात शिरल्यावर काय आरती ओवाळेल?"

टॉमी भारी असेल, पण त्याला वावर माहीत नव्हतं.

धुळेकर_आबा
कसाले भांडी राहिनात रे पोरेहो? माले दोन्ही बी खेय म्हाईत नहीत. मना नातू रातदिन गाडी पळावस आनी पोलीस मांगे लागनात का हासस. येवढंच सांगा, त्या गावमा रोज पानी येस का?

मेहरूणची_बोरं
आबा, वाईस सिटीला चारी बाजूंनी पाणीच पाणी. फक्त त्यात पडलं की टॉमी मरतो.

धुळेकर_आबा
समुद्रकाठी ऱ्हास आनी पोहता येत नही? आमना पोरे पाठले डबा बांधीसन हिरमा उड्या मारेत.

सुशिक्षित_बेकार
आबांनी दोन ओळीत वाईस सिटीचा निकाल लावला :हसू:

खरं सांगतो, माझा टॉमी पोलिसांपेक्षा पाण्यात जास्त वेळा मेला. पूल ओलांडताना बाईक जरा घसरली की खलास. आणि तो रिमोटच्या हेलिकॉप्टरचा प्रकार! चार बॉम्ब, एकेक उचलून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत न्यायचा, खाली मजूर हातोडा घेऊन मागे, वर घड्याळ. आमच्या पाचोऱ्यात त्या मिशनच्या पुढे गेलेली दोनच पोरं होती. त्यातला एक पुढे एमपीएससी पास झाला, कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

निवृत्त_कॅफेवाला
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. अमळनेरला माझा सायबर कॅफे होता, सात मशीन, तासाला १५ रुपये. कॉलेजचे फॉर्म भरायला म्हणून टाकला, चालला गेमवर. पप्पूभाऊंनी विचारलंय की मोठा खेळ असून मन छोट्यात का अडकलं. मी काउंटरच्या मागून जे बघितलं ते सांगतो.

वाईस सिटी दोन सीडींवर यायची. १२८ एमबी रॅमवर चालायची. माझ्या सातही मशीनवर होती. सॅन अँड्रियास आली डीव्हीडीवर, रॅम मागायची २५६. माझ्याकडे डीव्हीडी ड्राइव्ह एकाच मशीनला. म्हणजे वाईस सिटीला सात खुर्च्या आणि सॅन अँड्रियासला एक. त्या एका खुर्चीसाठी दोन वेळा मारामारी सोडवलीय मी.

पण खरी मेख दुसरीच. दोन्ही गेममध्ये सेव्ह करायला जागा आठच. स्लॉट १ ते ८. घरी एकटा खेळणाऱ्याला आठ म्हणजे चंगळ. माझ्याकडे एका मशीनवर दिवसाला वीस पोरं. कोणी कोणावर सेव्ह करायचं यावरून रोज कोर्ट भरायचं. शेवटी नियम केला, की स्लॉट १ महिन्याच्या पासवाल्याचा, त्याला हात लावला तर पास नसणाऱ्याला आठ दिवस बंदी. बाकी सात वाऱ्यावर. आज केलेलं उद्या असेलच असं नाही.

वर लोडशेडिंग. तेव्हा आपल्याकडे लाईट कधी जाईल हे फक्त पालीला माहीत. यूपीएस दहा मिनिटं टिकायचा. पोरगं कॅसेटच्या चिन्हापर्यंत पोहोचण्याआधी स्क्रीन काळी.

आता सांगा, अशा ठिकाणी कोणता खेळ चालेल? सॅन अँड्रियास म्हणतो व्यायाम कर, जेव, गाडी चालवायचा परवाना काढ, विमान शिक, हळूहळू माणूस घडव. सेव्ह पुसली की घडवलेला माणूस गेला. परत वाळकुंडा सीजे आणि परत सायकल. वाईस सिटीत टॉमी पहिल्या मिनिटाला जसा असतो तसाच शेवटी. १५ रुपयांत हॉटेलातून निघा, गाडी उचला, रणगाडा मागवा, गोंधळ घाला, घरी जा. त्याला कालची आठवण लागत नाही. पोरांना आवडायची ती मुळात वाईस सिटी की तो १५ रुपयांचा तास, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तापीकाठचा_पप्पू
कॅफेवाले काका, दंडवत. मी चोपड्याला अशाच एका कॅफेत स्लॉट ६ वाला होतो. पाच वेळा संपवली असं मी फुशारकीने लिहिलं, त्यातल्या तीन वेळा कोणीतरी पुसली म्हणून परत खेळावी लागली होती. हे आत्ता लक्षात आलं.

शेवभाजी_डबल_तर्री
रणगाड्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार. तो मागवायचा चीट कोड, पी ए एन झेड ई आर. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी स्पेलिंग जे एकदाही चुकलं नाही. शाळेत 'बिकॉज' चुकायचं.

सुशिक्षित_बेकार
लीव्ह मी अलोन टाइप केलं की पोलीस मागे लागल्याचे तारे स्क्रीनवरून गायब. माझ्या भावाला बारावीपर्यंत वाटायचं हे पोलिसांना विनंती करायचं वाक्य आहे.

केळीवाला_रावेर
आणि सॅन अँड्रियासचं हेसोयाम. अडीच लाख डॉलर, तब्येत, चिलखत, सगळं एका शब्दात. सोसायटीचं कर्ज असं मिळालं पाहिजे.

पुरणाचा_मांडा
कॅफेवाल्या काकांचं पटलं, पण त्यात एक माणूस सुटतोय. मी.

धुळ्यात आम्हा मुलींना कॅफेत जायची सोय नव्हती. मनाई कोणी केली नव्हती, पण पडदे लावलेल्या त्या खोलीत वीस पोरांच्या मधे कोण जाणार? वाईस सिटी मी फक्त ऐकली. भाऊ जेवताना सांगायचा, आज हवेली घेतली, आज क्लब घेतला. मला वाटायचं प्लॉटचे व्यवहार शिकतोय.

२००८ ला भावाच्या डिप्लोमासाठी घरात कॉम्प्युटर आला. तोपर्यंत भाऊ नाशिकला हॉस्टेलला गेला आणि मशीन राहिलं माझ्याकडे. त्यात सॅन अँड्रियास होती. आठही स्लॉट माझे. दुपारी आई झोपली की दीड तास. मी मिशन फारशी केलीच नाहीत. सायकल घ्यायची आणि सुटायचं. शहर संपतं, पूल लागतो, जंगल लागतं, मग तो उंच डोंगर. सायकलवर चढायला किती वेळ लागतो ते चढलेल्यालाच माहीत. वर पोहोचल्यावर सूर्य मावळेपर्यंत नुसती उभी राहायचे. तेव्हा मला खऱ्या सायकलवर देवपूरच्या पलीकडे एकटीला पाठवत नव्हते.

तेव्हा मोठा खेळ म्हणजे पसारा, असं सरसकट नका म्हणू. ज्याला बाहेर पडायला मिळत होतं त्याला छोटं शहर पुरलं.

निवृत्त_कॅफेवाला
ताई, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही. पडदे मीच लावले होते. उन्हासाठी.

भुसावळ_यार्ड
पुरणाचा मांडा ताई, सायकलवर डोंगर? तुम्हाला आमच्या वडिलांशी बोलायला लावतो.

सातपुडा_धुकं
त्या डोंगराचा विषय निघाला म्हणून थोडं तांत्रिक. हे खेळ ज्या यंत्रासाठी बनले त्या पीएस २ ची, म्हणजे प्लेस्टेशन २ ची, मेमरी फक्त ३२ एमबी. एवढं मोठं राज्य त्यात मावणं शक्यच नव्हतं. त्यामुळे जेवढं जवळ तेवढंच डिस्कवरून उचलायचं, लांबचं धुरकट ठेवायचं. त्या धुरकटपणामुळे डोंगर कुठेतरी फार दूर आहे असं वाटायचं.

२०२१ च्या नोव्हेंबरात तिन्ही जुन्या खेळांची नवी आवृत्ती काढली, तेव्हा सुरुवातीला ते धुकंच गेलं. उंचावर गेलं की या टोकाचं शहर आणि त्या टोकाचा डोंगर एका नजरेत. एवढ्याशा ताटलीत सगळं वाढल्यासारखं. लोक जाम चिडले.

आपल्याकडे उन्हाळाभर सातपुडा धुळीत असतो, आहे की नाही कळत नाही. पहिला पाऊस पडून धूळ बसली की सकाळी उठून बघावं तर डोंगर गावाच्या वेशीवर येऊन बसलेला. तो बघायला छान, पण त्या दिवशी तो लांब वाटत नाही हेही खरं. खेळात तसंच झालं.

वाईस सिटीला हा त्रास कमी, कारण मुळात दोन बेटं. लपवायचंच थोडं होतं.

खडूस_गुरुजी
धुक्याच्या प्रतिसादाला पूर्ण गुण. (या धाग्यात पहिल्यांदाच.)

मेहरूणची_बोरं
आता माझी कबुली. मी इतकी वर्षं वाईस सिटीची बाजू घेऊन भांडलोय, की त्यातला रेडिओ, ती ८६ सालची हवा, सॅन अँड्रियासला तशी सर नाही वगैरे. खरं म्हणजे माझ्याकडे होती ती 'रिप' सीडी. जागा वाचवायला कोणीतरी रेडिओ आणि पात्रांचे आवाज काढून टाकलेले. माझ्या वाईस सिटीत फक्त इंजिन, हॉर्न आणि गोळ्या. सगळी पात्रं मुकी. टॉमीला आवाज दिलाय तो रे लिओटाने, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

शेवभाजी_डबल_तर्री
म्हणजे तू मुका चित्रपट बघून संगीतावर भांडत होतास?

मेहरूणची_बोरं
गाडीत बसलो की मी स्वतः गायचो. माझा रेडिओ जास्त चांगला होता.

नंदुरबारी_लवंगी
अवांतर आहे पण राहवत नाही. पहिला आणि दुसरा भाग हाच विषय असेल तर प्रिन्स ऑफ पर्शिया बघा. २००३ चा सँड्स ऑफ टाइम, काय नजाकत! भिंतीवरून धावणं, चुकलं की खंजिराने वेळ मागे. लगेच २००४ ला वॉरियर विदिन, तर राजपुत्र एकदम रागीट, कपाळावर आठ्या, सगळीकडे रक्त. मारामारी सुधारली हे कबूल, कोडीही अवघड झाली. पण आधीचा पोरगा मला घरी जेवायला बोलवावासा वाटायचा. दुसऱ्या भागातला आला तर मी म्हणाले असते, आई घरी नाहीये.

सुशिक्षित_बेकार
लवंगी आयडीने तिखटपणाची तक्रार करावी!

नंदुरबारी_लवंगी
आमच्याकडे मिरचीला चव पण असते. नुसता ठसका नसतो.

शेवभाजी_डबल_तर्री
चवीचा विषय काढला म्हणून सांगतो, शेवभाजी खरी जळगावची, धुळ्याची नुसती तर्री...

पुरणाचा_मांडा
अहो, आयडीला तरी लाजा. 'डबल तर्री' तुम्ही आहात.

धुळेकर_आबा
धुळाना नाव लिधं का मी लगेच जागा व्हस.

खडूस_गुरुजी
मूळ प्रश्नाकडे या. पप्पूच्या भाच्याची सुट्टी संपेल.

माझं मत. सॅन अँड्रियासने एक चूक केली आणि तीच तिची ताकद म्हणून सांगितली जाते. सीजेचं पोट. जास्त खाल्लं की लठ्ठ, अजून खाल्लं की उलटी, नाही खाल्लं तर आधी चरबी जाते, मग कमावलेले स्नायू. मला गुंडाची गोष्ट खेळायची आहे, त्याचा डबा सांभाळायचा नाही.

केळीवाला_रावेर
गुरुजी, तुम्हाला डबा वहिनी देतात म्हणून असं वाटतं. मी पुण्यात रूम करून राहत होतो तेव्हा सॅन अँड्रियास खेळलो. सीजे उपाशी दिसला की मला आठवायचं, आपणही सकाळपासून फक्त चहावर आहोत. दोघं बरोबर जेवायचो. तो कोंबडी खायचा, मी घरून आणलेली कळण्याची भाकरी. तेवढं नातं टॉमीशी जमलं नाही. टॉमीला भूकच नाही.

सातपुडा_धुकं
+१. आणि दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे, ती आजच्या पोरांना खटकेल. रस्ता दाखवणारी रेषा नाही. कोपऱ्यात छोटा नकाशा, त्यावर एक खूण, बाकी तुमचं तुम्ही. वाईस सिटी त्यामुळेच पाठ झाली. सॅन अँड्रियास पाठ व्हायला आठ-दहा तासांचे दिवस हवेत.

तापीकाठचा_पप्पू
चार दिवसांनी येतोय, क्षमस्व. लग्नसराई.

तुमचे प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवले. त्याने निकालाची वाट न बघता वाईस सिटी सुरू केली, कारण लॅपटॉपवर ती आधीच होती. पहिल्या दिवशी सहा वेळा बुडाला. "मामा, याला पोहता येत नाही?" मी म्हटलं धुळ्याच्या आबांचं हेच म्हणणं आहे. दुसऱ्या दिवशी विचारतो, रस्त्याची रेषा चालू कुठून करायची? म्हटलं, रेषा नाही, खाली उतरून लोकांना विचार. त्याने खरंच एका माणसाजवळ जाऊन बटणं दाबून बघितली. त्या माणसाला ठोसा बसला.

तिसऱ्या दिवशी मी मागे उभा होतो. हॉटेलपासून मालिबू क्लबपर्यंत कोपऱ्यातल्या नकाशाकडे न बघता गेला. मधे ती गल्लीतली शॉर्टकट, जी मी २००५ ला शोधली असं मला वाटत होतं, त्याने बेधडक घेतली. मी काही बोललो नाही.

आज तो पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, सॅन अँड्रियास दिवाळीच्या सुट्टीत बघतो, ट्रॅक्टरसाठी. आत्ता मी लॅपटॉप उघडला. माझी शंभर टक्के पूर्ण केलेली फाईल होती, २०११ पासून जपलेली. भाच्याने सेव्ह केलंय. स्लॉट १ वर.

निवृत्त_कॅफेवाला
आठ दिवस बंदी.